माहीम-दादरची भाडेपावती : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

आपल्याकडील संग्राहकांच्या दप्तरांत सनदा, महजर, निवाडपत्रे, वतनपत्रे आणि कौलनामे यांना मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि या सर्व कागदांत एक समान लक्षण आढळते. ते ज्याच्या नावे लिहिलेले असतात, त्याच्यापाशी जमीन, वतन, वृत्ती अथवा निदान एखादा वाडा असतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, जो परक्याच्या जागेत बिऱ्हाड करून राहिला, तेथेच संसार करून वारला आणि तेच बिऱ्हाड मुलांच्या हवाली करून गेला, त्या मनुष्याचा कागद आपल्या रुमालांत सापडत नाही. तो कागद नव्हता असे मात्र नाही. दरमहा तो निघत होता, हातोहात दिला जात होता आणि भिंतीवरील खिळ्यास टांगलेल्या तारेत ओवला जात होता. त्या कागदाचे नाव भाडेपावती. या पावतीस ऐतिहासिक साधनांच्या पंक्तीस बसवावे आणि तिच्या परीक्षेचे काही नियम ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी मुंबई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील माहीम-दादर हा भाग घेतला आहे. तलवाडे हे गेवराई तालुक्यातील त्वरितादेवीचे गाव. समुद्र येथून फार दूर. येथे बसून माहीमच्या चाळींचा विचार करण्याचे निमित्त असे की, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलार्जित खोलीच्या पावत्यांचा जुडगा माझ्याकडे वाचावयास आणून दिला. इमारत पाडावयाची ठरली होती, आणि अस्सल पावत्या दाखवाव्या लागणार म्हणून त्या महिनेवार लावून हव्या होत्या. लावता लावता ध्यानात आले की, आपण एखाद्या देशमुखी दप्तराचे कागद लावताना जी दक्षता घेतो, तीच येथेही घ्यावी लागते. शिवाय येथे केवळ जिज्ञासा पणाला लागलेली नव्हती. एका कुटुंबाचे घर त्या तारेला टांगलेले होते.

(१) शास्त्रकारांचा विचार

घरभाड्याचा व्यवहार शहरांबरोबर इंग्रजीत आला, असा एक समज रूढ आहे. धर्मशास्त्र व अर्थशास्त्र पाहता तो टिकत नाही. भाडे हा शब्द संस्कृत 'भाटक' या शब्दापासून आला. कौटिल्य याच अर्थी 'अवक्रय' असा शब्द योजतो, आणि नारदस्मृतीत घरभाड्यास 'स्तोम' म्हटले आहे. मराठीत 'स्तोम माजविणे' या प्रयोगातील स्तोमाशी या अर्थाचा संबंध उरलेला नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

कौटिल्याने वास्तुप्रकरणात भाडेकरू व घरधनी या दोघांनाही सारख्याच मापाने मोजले आहे. जाण्यास सांगितले असता जो भाडेकरू राहून बसतो, त्यास बारा पण दंड, आणि भाडे देणाऱ्यास जो घरधनी विनाकारण बाहेर काढतो, त्यासही तोच दंड. अपवाद शिवीगाळ व मारहाण, चोरी, साहस, व्यभिचार आणि जागेचा खोटा उपभोग यांचा. भाडेकरू आपण होऊन निघून गेला, तर वर्षाचे उरलेले भाडे त्याने द्यावे. याच ग्रंथात नगराधिकाऱ्याच्या प्रकरणी, घरी उतरलेल्या व घरातून गेलेल्या माणसांची खबर गृहस्वामीने द्यावी, असा नियम आहे. हल्ली भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात करावी लागते, ती प्रथा किती जुनी आहे हे यावरून कळेल.

नारदाचा नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्याने तो वेतनाच्या प्रकरणात घातला आहे. परक्याच्या भूमीवर घर बांधून, भाडे देऊन जो राहतो, त्याने जाताना आपले गवत, लाकूड, विटा इत्यादी सामान घेऊन जावे. भाडे न देता व मालकाच्या इच्छेविरुद्ध जो राहिला, त्यास मात्र ते नेता येणार नाही. येथे भूमीचा धनी एक आणि घराचा धनी दुसरा असू शकतो, हे तत्त्व स्पष्ट मान्य केलेले आहे. इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र याच्या उलट होते. जे भूमीस जडले, ते भूमीच्या धन्याचे, असे ते मानीत. हिंदुस्थानात हे सूत्र सरसहा लागू पडले नाही. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने पट्टेदारास आपण जडविलेल्या वस्तू काढून नेण्याची मुभा ठेविली, आणि मुंबईतील एका दाव्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने जमिनीची मालकी एकाची व इमारतीची दुसऱ्याची असू शकते, हे मान्य केले. नारदाचा नियम मुंबईच्या मातीत कसा रुजला होता, ते आता पाहू.

(२) फजेंदारी

माहीम हे बेटांच्या समूहातील प्राचीन ठाणे. बिंब राजाची परंपरा येथलीच. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीमुळे ती आपणांस परिचित आहे. १५३४ च्या तहाने वसईसह ही बेटे पोर्तुगिजांकडे गेली. त्यांनी जमिनी आपल्या लोकांस सालीना ठराविक रक्कम घेऊन वाटून दिल्या. मुंबई बेट तर वनस्पतिवैद्यकावरील ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेल्या गार्सिया द ओर्ता याजकडे अशाच वार्षिक देण्यावर होते. जमीनदारीस पोर्तुगीज भाषेत 'फझेंद' म्हणत, त्यावरून फजेंदार व फजेंदारी हे शब्द निघाले. ठराविक वार्षिक देण्यास 'फोरो' म्हणत, त्यावरून 'फोरास' झाला. खाजण भरून काढून ज्या जमिनी लागवडीस आणिल्या, त्या या नावाने ओळखल्या जात, आणि त्यांच्या हक्कांचा निकाल १८५१ सालच्या कायद्याने लागला.

पुढे १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. १६६५ साली तिचा ताबा घेताना कूक याने माहीमही बेटात ओढले. १६६८ साली राजाने हे सारे बेट कंपनीस दिले ते सालीना दहा पौंडांवर, तेही सोन्यात. पुढे ज्या कंपनीने लाखो रयतेकडून सारा घेतला, ती येथे प्रथम नाममात्र भाडे देणारी कूळ म्हणून आली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. १६७२ साली गव्हर्नर आंजिअर याने रहिवाशांशी ठराव केला. त्यांनी सालीना २०,००० झेराफिन द्यावे व कंपनीने त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध राखाव्या, असा तो होता. 'पेन्शन व टॅक्स' या नावाची जमीनधारा तेथून चालू झाली.

अशा रीतीने बेटावर जमिनीच्या धारणेचे अनेक प्रकार शेजारी शेजारी नांदत राहिले. त्यांतील फजेंदारीचे स्वरूप असे की, जमीन फजेंदाराची, तीवर घर दुसऱ्याने बांधिलेले, आणि घरधनी फजेंदारास सालीना ठराविक भुईभाडे देणार. मग त्या घरधन्याने खोल्या तिसऱ्यास भाड्याने दिल्या, म्हणजे एकाच जागेवर तीन धनी उभे राहिले. एक भुईचा, एक भिंतींचा आणि एक वहिवाटीचा. नारदाने दोघांची गोष्ट सांगितली आहे. मुंबईने तीत तिसऱ्याची भर घातली.

माहीमच्या खाडीपलीकडे मात्र चित्र निराळे होते. साष्टी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत मराठ्यांकडेच होती. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडे कायम झाली. त्यामुळे वांद्र्याची जमीन व माहीमची जमीन यांचे कागद वेगळ्या परंपरेतील आहेत. १८४५ साली माहीमचा बांध होऊन वाट एक झाली, परंतु दप्तरे एक झाली नाहीत. संग्राहकाने खाडीच्या अलीकडचा कागद कोणता व पलीकडचा कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे.

(३) वाडीची चाळ

माहीम-दादरचा किनारा म्हणजे नारळीच्या बागा. बागेस वाडी म्हणत. गिरगावाप्रमाणे येथेही वाडी हे नाव पुढे घरांच्या समूहास चिकटून राहिले. झाडे गेली, विहिरी बुजल्या, पण पत्त्यात वाडी राहिली. बागाईत जाऊन वस्ती आली, हे एका शब्दाच्या अर्थांतराने सांगितले, यापरते संक्षिप्त साधन कोणते?

या बदलास तीन कारणे झाली. पहिले आगगाडी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८६७ साली किनाऱ्याच्या बाजूने विरारची गाडी सुरू झाली, तेव्हा दादर-माहीम येथे राहून कोटात चाकरीस जाणे शक्य झाले. दुसरे कारण १८९६ चा ग्रंथिज्वर. मांडवीकडे प्लेग सुरू झाला, आणि दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ च्या कायद्याने शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने दादर-माटुंगा भाग आखून भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. म्हणजे जमीन ट्रस्टची, इमारत पट्टेदाराची व खोली भाडेकरूची. फजेंदारीचीच त्रिपुटी येथे सरकारी शिक्क्याने पुन्हा अवतरली. १९३३ साली ट्रस्टचे काम म्युनिसिपालिटीकडे आले.

तिसरे कारण मध्यम वर्गाची वाढ. १९२५ साली माहीम पार्क या नावाने खुले झालेले मैदान १९२७ साली शिवाजी पार्क झाले, आणि त्याभोवती तीन-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. त्यांत शिक्षक, कारकून, वकील, लेखक अशी पांढरपेशी बिऱ्हाडे आली. दक्षिणेस वरळी येथे विकास खात्याने कामकऱ्यांसाठी १२१ चाळी बांधल्या. शहरात या खात्याच्या एकूण २०७ चाळी झाल्या. वांद्र्यास व गावदेवीस दुसरी वाट चोखाळली गेली. १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली, आणि भाडेकरूंनीच मिळून घरमालक व्हावे, हा प्रयोग तेथे उभा राहिला. तथापि बहुसंख्य लोक पावतीवरच राहिले.

बिऱ्हाड या शब्दाचे कन्नडातील 'बिडार', म्हणजे मुक्काम, या शब्दाशी नाते दिसते. जो शब्द तळ ठोकण्याचा, तोच चाळीत तीन पिढ्यांच्या घरास लागला. मुक्काम कायमचा झाला, आणि तो कायमचा कशाने झाला, हे पावतीच सांगते.

(४) पावतीची परीक्षा

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे त्याने प्रमाण धरिले. तो कायदा पुढे संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, नवे नियंत्रण आले, १९४४ साली आणखी एक कायदा झाला, आणि शेवटी १९४७ चा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानिले. ही तारीख संग्राहकाने पाठ करावी, कारण मुंबईतील जुन्या इमारतींचे वर्गीकरणही पुढे याच तारखेवर केले गेले.

१९४७ च्या कायद्याने घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणे घरमालकास बंधनकारक केले. येथून पावतीचे स्वरूप पालटले. पूर्वी ती केवळ पैसे पोहोचल्याची खूण होती. आता ती वहिवाटीचा दाखला झाली. म्हणूनच मालक पावती देण्यास कचरू लागले आणि भाडेकरू ती जिवापाड जपू लागले.

तारीख फाटलेली अथवा पुसट असेल, तर पुढील खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण चलनाची. रुपये-आणे-पई असा हिशेब असेल, तर पावती सामान्यतः १ एप्रिल १९५७ च्या पूर्वीची समजावी. 'नये पैसे' हा शब्द असेल, तर ती १९५७ ते १९६४ या काळातील. मात्र जुनी छापील पावतीपुस्तके संपेपर्यंत वापरली जात, म्हणून छापील मजकुरापेक्षा हाताने भरलेल्या आकड्यास अधिक मान द्यावा.

दुसरी खूण तिकिटाची. १८९९ च्या स्टॅम्प कायद्याप्रमाणे वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लागे. एका खोलीचे भाडे त्या काळी बहुधा वीस रुपयांच्या आत असे. सबब जुन्या पावतीवर तिकीट नाही, एवढ्यावरून ती बनावट ठरवू नये. उलट, अल्प भाड्याच्या पावतीवर तिकीट असेल, तर ती एकाहून अधिक महिन्यांची आहे काय, हे पाहावे.

तिसरी खूण पत्त्याची. 'मुंबई २८' असा विभाग असेल, तर पावती सामान्यतः १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची. त्यानंतर तोच विभाग ४०००२८ असा सहा आकड्यांत लिहिला जाऊ लागला. माहीमचा १६ असाच ४०००१६ झाला. कॅडल रोडच्या ठिकाणी सावरकर मार्ग आला असेल, तर तीही कालनिर्णयास मदत करणारी गोष्ट होय.

चौथी व सर्वांत महत्त्वाची खूण शब्दांची. 'प्रमाणभाडे' व 'मान्य वाढ' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द १९४८ नंतरच्या पावत्यांवर दिसतात. दुरुस्ती उपकराचा रकाना असेल, तर ती पावती १९६९ च्या दुरुस्ती मंडळाच्या कायद्यानंतरची. त्या वेळी उपकर लागलेल्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. हा उपकर माहीम-शीवच्या आतील शहरासच लागू असल्याने खाडीची जुनी सीमा येथेही पुन्हा दिसते.

शब्दांचा सर्वांत बोलका पुरावा 'भाडे' या शब्दाच्या अभावात आहे. जागा भाड्याने दिली असता भाडेकरूस संरक्षण मिळे, परवान्याने दिली असता ते मिळत नसे. म्हणून अनेक मालक पावतीवर भाडे हा शब्द टाळून 'कॉम्पेन्सेशन' म्हणजे मोबदला असे लिहीत. खोली तीच, रक्कम दरमहाची तीच, पण एका शब्दाने राहणाऱ्याचा हक्क नाहीसा होई. १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने राहत असलेल्यांस भाडेकरू मानले गेले. ज्यांच्यापाशी त्या दिवसाच्या आगेमागेचे कागद होते, त्यांचे घर राहिले. एखाद्या महजरातील एका साक्षीवर वतन राहिले वा गेले, असे आपण वाचतो. त्याहून हे निराळे नाही.

माझ्यासमोर आलेल्या जुडग्यात या चार खुणांपैकी तीन आढळल्या. छापील मजकूर इंग्रजी, सही गुजराती, आणि मागील बाजूस घरातील कोणी बाळबोध अक्षरात पेन्सिलीने केलेली दूधवाल्याची व किराण्याची टिपणे. प्रत्येक पावतीच्या मध्यभागी तारेचे छिद्र. मागील बाजूची ही टिपणे पुसू नयेत. पुढील बाजू मालकाचा इतिहास सांगते, मागील बाजू भाडेकरूचा.

(५) पावती काय सांगत नाही

साधनाचा गुण सांगितला, तसा दोषही सांगितला पाहिजे. पावती पागडीविषयी मौन पाळते. जागा मिळविताना मालकास रोख रक्कम द्यावी लागे, तिला पागडी म्हणत. १९४७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा ठरविल्यामुळे तिचा कागद कोणी केला नाही. पुढे जागा दुसऱ्याच्या नावे करताना तिचा साधारणपणे तिसरा हिस्सा मालकाकडे जाण्याचा प्रघात पडला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे कायदेशीर केले. तोवरच्या अर्धशतकातील फार मोठा पैसा कागदाबाहेरच फिरला. पावतीवर पाच-दहा रुपये दिसले, म्हणून जागा पाच-दहा रुपयांस मिळाली, असा निष्कर्ष इतिहासकाराने काढू नये.

नावाविषयीही सावध राहिले पाहिजे. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयास हक्क मिळे. परंतु पावतीवरील नाव बदलून घेणे सोपे नव्हते, आणि अनेक ठिकाणी मृताच्या नावेच पावत्या चालू राहिल्या. अमुक वर्षी अमुक मनुष्य हयात होता, हे पावतीवरून सिद्ध होत नाही. वतनपत्रांतही मूळ पुरुषाचे नाव पिढ्यान्पिढ्या चालते, हे आपणांस ठाऊक आहेच.

मालकाची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. १९४० चे भाडे गोठले आणि चुना, लाकूड, मजुरी यांचे दर चढत गेले. दुरुस्ती परवडेना, इमारती खचू लागल्या. प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली म्हटले. १९९९ च्या कायद्याने वार्षिक चार टक्के वाढ मान्य केली. ज्या कायद्याने भाडेकरूचे घर वाचविले, त्यानेच त्या घराची भिंत झिजू दिली, हे दोन्ही पावत्यांच्या न बदलणाऱ्या आकड्यांत वाचता येते.

मराठवाड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. आपल्याकडे १९४७ चा मुंबई कायदा लागू नव्हता. हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा होता, आणि विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा हुकूम. १९९९ च्या कायद्याने हे तिन्ही रद्द करून राज्यास एक नियम दिला. तेव्हा बीड, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील जुन्या भाडेचिठ्ठ्या मुंबईच्या मापाने मोजू नयेत. त्यांची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावी.

(६) संग्राहकांचे कर्तव्य

हल्ली दादर, माहीम, गिरगाव येथील जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. पुनर्बांधणीत राहणाऱ्यास नवी जागा मिळते, ती पावत्यांच्या आधारावर. जागेचा ताबा मिळाला की पावतीचे काम संपते, आणि तिच्याबरोबर दोन-तीन पिढ्यांची तार रद्दीत जाते. सनदा गहाळ होण्यास शतके लागली. पावत्या एका दुपारी जातात.

यासंबंधी तीन सूचना करतो. पहिली, हक्काचा प्रश्न मिटेपर्यंत कोणीही संग्राहकाने कोणाच्याही घरची अस्सल पावती मागू नये अथवा स्वीकारू नये. तोवर छायाचित्रावर समाधान मानावे. राहणाऱ्याचे घर आधी, आपले दप्तर मागून. दुसरी, जुडगा मिळाल्यास तो ज्या क्रमाने तारेत होता, त्याच क्रमाने ठेवावा, आणि छापील भाषा, सहीची लिपी, चलन, तिकीट, पत्ता, रकमेस दिलेले नाव आणि मागील टिपणे यांची याद करावी. मधले कोणते महिने नाहीत, हेही लिहावे, कारण त्या रिकाम्या जागी बहुधा एखादा तंटा दडलेला असतो. तिसरी, हयात व्यक्तींची नावे व खोलीक्रमांक त्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

नारदाच्या नियमाप्रमाणे भाडे देऊन राहिलेल्यास जाताना आपले गवत, लाकूड व विटा नेता येत. मुंबईच्या भाडेकरूपाशी न्यावयास वीट नव्हती, भिंत नव्हती. त्याच्यापाशी एक तार व तीत ओवलेले कागद होते. ते त्याने नेले नाहीत, तर ते जपून ठेवणे आपल्या मंडळींचे काम आहे.